तलवारीचं कौतुक झालं, आता मानपत्राबद्दल बोलू

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मध्ययुगीन रिएनॅक्टमेंटवर, म्हणजे तो जुना काळ पुन्हा उभा करणाऱ्या मंडळींवर मोठा लेख आला. फोटो मस्त होते, चिलखतं, तंबू, ढाली, लढाया सगळं नीट सांगितलंय, आणि या विषयावर मराठीत कुणीतरी एवढं सविस्तर लिहितंय याचाच आधी आनंद झाला. पण शेवटी राजा-राणी लोकांना मान देतात तिथपर्यंत आल्यावर लेखकाने एका ओळीत विषय गुंडाळला, की मग रंगीत सर्टिफिकेटं वाटली जातात आणि आता तर ती कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होतील. हे मला अजिबात पटलं नाही. मी स्वतः ही मानपत्रं लिहिते आणि रंगवते, त्यामुळे गप्प बसवेना. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या छंदातली सगळ्यात मोठी संस्था सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, सगळे एससीए म्हणतात. १९६६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला एका घराच्या मागच्या अंगणात झालेल्या पार्टीतून ती सुरू झाली, आणि आज तिची वीस राज्यं म्हणजे विभाग आहेत, अमेरिकेपासून युरोप-ऑस्ट्रेलियापर्यंत. काळ धरतात तो सन १६०० च्या आधीचा. राजा टूर्नामेंट जिंकून ठरतो, बहुतेक ठिकाणी साधारण सहा महिने राज्य करतो, आणि त्या काळात दरबार भरवून लोकांचा मान करतो. सुरुवातीचा मान म्हणजे अवॉर्ड ऑफ आर्म्स, आणि वरच्या पायरीवर लढवय्यांसाठी नाइटहूड, कलाकारीसाठी लॉरेल, सेवेसाठी पेलिकन वगैरे. यात कुणालाही पगार नाही, स्वयंपाक करणारा, तंबू ठोकणारा, हिशेब ठेवणारा सगळे हौसेने राबतात, त्यामुळे दरबारात आपलं नाव पुकारलं जाणं आणि हातात ते मानपत्र येणं याचं मोल बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही.

आता मुद्दा. या लढायांमधली तलवार वेताची असते, कुणाला इजा होऊ नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. राजाही खरा राजा नाही. पण चांगल्या मानपत्रावरचं सोनं खरं सोनं असतं, शाई खऱ्या कृतीने केलेली असू शकते, अक्षर टाकाने लिहिलेलं असतं, आणि ते करताना हाताच्या ज्या हालचाली होतात त्या सहाशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याच्या व्हायच्या त्याच असतात. सगळ्या रिएनॅक्टमेंटमध्ये जुनं काम जिथे जसंच्या तसं होतं अशा मोजक्या जागा आहेत, त्यातली ही एक. ती काढून तिथे प्रिंटर ठेवायचा असेल तर मग चिलखत तरी कशाला हवं?

हे काम कसं चालतं ते लेखात आलंच नाही म्हणून सांगते. दरबारातला मान बहुतेक वेळा घेणाऱ्याला आधी माहीत नसतो, त्यामुळे सगळं गुपचूप. राज्याचा सिग्नेट म्हणजे मानपत्रांचा कारभार बघणारा अधिकारी तुम्हाला नाव, मान कुठला, तारीख, आणि त्या माणसाचा पर्सोना काय ते कळवतो. पर्सोना म्हणजे त्याने स्वतःसाठी घेतलेली जुन्या काळातली ओळख, कुणी दहाव्या शतकातला आयरिश, कुणी चौदाव्या शतकातला जर्मन सरदार, कुणी पंधराव्या शतकातली फ्लॉरेन्सची व्यापारीण. मग त्या काळातलं, त्या भागातलं खरं हस्तलिखित शोधायचं आणि त्यावरून मांडणी ठरवायची. आयरिशाला बुक ऑफ केल्स, साधारण सन ८०० चं, गोल गोल इन्सुलर अक्षर आणि ती वेटोळी गाठींची नक्षी. जर्मन सरदाराला कोडेक्स मानेसे, हायडेलबर्गला आहे, साधारण १३०० ते १३४० मधलं, त्यात कवींची १३७ पूर्ण पानभर चित्रं आहेत आणि बहुतेकांची ढाल-शिरस्त्राणासकट चिन्हं. आणि मान जर स्वयंपाक्याचा असेल तर १३२५-४० च्या सुमाराचं लट्रेल साल्टर हे प्रार्थनेचं पुस्तक आहे, त्याच्या मार्जिनमध्ये नांगरणारे शेतकरी आहेत, भट्टीवर रांधणारे आचारी आहेत, ताटं घेऊन जाणारे नोकर आहेत. ते आचारी तुम्ही त्याच्या मानपत्राच्या काठावर बसवता. दरबारात ते त्याच्या हातात पडतं तेव्हा त्याला कळतं की कुणीतरी बसून आपला विचार केलाय. पाच मिनिटांत हे होत नाही.

ही हस्तलिखितं बघायला मिळतात ती मोठ्या ग्रंथालयांनी स्कॅन करून नेटवर ठेवली म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची हस्तलिखितांची साइट कित्येक महिने बंद पडली, तेव्हा आमच्यासारख्यांची फार पंचाईत झाली. ज्यांनी पानं आधी उतरवून ठेवली होती त्यांच्याकडे सगळे मागत होते.

कागदाबद्दल एक गैरसमज असतो की चामड्यावरच करतात. वासराच्या कातड्याचं चर्मपत्र म्हणजे व्हेलम, चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, अर्धचंद्राकार सुरीने खरवडून केलेलं, ते महाग असतं आणि दमट हवेत वाकतं, त्यामुळे मोठ्या मानासाठीच कुणी वापरतं. रोजच्या कामाला गुळगुळीत जातीचा वॉटरकलर पेपर, ३०० जीएसएमचा, नाहीतर परगमेनाटा नावाचा इटलीत होणारा चर्मपत्रासारखा दिसणारा कागद. परगमेनाटावर शाई वरच राहते, त्यामुळे चुकलेलं अक्षर ब्लेडने हलकेच खरवडून काढता येतं, पण त्यावर पाणीदार रंग दिला की तो लगेच सुरकुततो.

क्रम पक्का असतो. आधी पेन्सिलीने रेघा, मग अक्षरं, मग सोनं, मग रंग, मग काळी आउटलाइन आणि सगळ्यात शेवटी पांढरं बारीक काम. अक्षरं आधी का, तर सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, आणि सोनं-रंग झाल्यावर नावातलं एक अक्षर गळलेलं दिसलं तर रडायची वेळ येते. गॉथिक टेक्स्टुरा लिपी असेल तर रुंद निब साधारण ४० ते ४५ अंशांत धरायची, अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या साधारण पाचपट, आणि सगळ्या उभ्या रेघा समान अंतरावर. यात एन, एम, यू, आय ही सगळी त्याच एका उभ्या रेघेपासून होतात, म्हणून ओळ दिसायला देखणी पण वाचायला भयंकर. दरबारात हेरल्डला, म्हणजे पुकारा करणाऱ्याला, ते मोठ्याने वाचायचं असतं, बऱ्याचदा उन्हात किंवा मशालीच्या उजेडात, म्हणून शहाणा लिहिणारा मजकुराची साधी टाइप केलेली प्रत मागे जोडून देतो. आणि राजा-राणीच्या सह्यांना जागा सोडावी लागते, त्यांच्या शिक्क्याला जागा सोडावी लागते, आणि चारही बाजूंनी एवढी कोरी पट्टी की फ्रेम करताना नक्षी माउंटखाली, म्हणजे काचेमागच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, जाणार नाही. म्हणून माप आधी फ्रेमचं बघायचं, ११ बाय १४ इंच वगैरे, आणि मग आत काम.

शाई मी शक्यतो मायफळाची वापरते. मायफळ, हिराकस आणि बाभळीचा डिंक, बस एवढंच. लिहिताना फिकट दिसते आणि हवा लागली की डोळ्यांसमोर काळी होत जाते, तो प्रकार किती वेळा बघितला तरी मन भरत नाही. फक्त ती आम्लधर्मी असते, लोखंडी निब खाते, काम झालं की लगेच धुवून पुसून ठेवायची.

आणि सोनं. याच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण लेखकाने हे एकदा जवळून बघितलं असतं तर ती ओळ लिहिली नसती असं मला खरंच वाटतं. वर्ख असतो २३-२४ कॅरटचा, जाडी मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतकी, बोटाने धरला तर तो बोटालाच चिकटून संपतो, पंखा चालू असेल तर उडून जातो. जिथे सोनं उठावदार हवं तिथे आधी गेसो भरायचा, म्हणजे मुरवलेलं प्लास्टर, सरस, थोडी साखर आणि रंग कळावा म्हणून लालसर माती. जुन्या कृतीत त्यात सफेदा म्हणजे शिसंही असायचं, ते आता टाळलेलं बरं. हा गेसो कागदावर थेंबाथेंबाने सोडत फुगीर भरायचा, बुडबुडा आला तर सुईने फोडायचा, आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळल्यावर धारदार ब्लेडने खरवडून, घोटून गुळगुळीत करायचा. मग एक छोटी नळी तोंडात धरून त्यावर पोटातून गरम श्वास सोडायचा, फुंकर नाही, काच पुसताना सोडतो तसा ओलसर उच्छ्वास. त्या वाफेने आतली साखर आणि सरस क्षणभर चिकट होतात, आणि त्या क्षणातच वर्ख ठेवून वर गुळगुळीत कागद धरून दाबायचा. उशीर झाला की पकडत नाही, परत श्वास. मग अकीकाच्या दगडाने आधी हलके आणि नंतर जोर देत घोटायचं, आणि घोटता घोटता तो मळका पिवळा पत्रा एकदम आरशासारखा चमकायला लागतो. कोरड्या हवेत हे काम अडतं, म्हणून बरेच जण भल्या पहाटे करतात किंवा बाजूला पाणी उकळत ठेवतात. रंगाच्या आधी सोनं करायचं कारणही हेच, वर्ख डिंक असलेल्या कुठल्याही रंगाला चिकटतो आणि मग निळ्या पार्श्वभूमीवर नको तिथे सोन्याचे ठिपके. प्रिंटरची सोनेरी शाई पान कसंही फिरवलं तरी सपाटच दिसते. खरं सोनं मेणबत्तीच्या उजेडात पान जरा हललं की पेटतं, आणि मध्ययुगातली ही पानं मेणबत्तीच्या उजेडातही बघितली जायची, त्याच हिशेबाने ती केलेली आहेत.

रंग बहुतेक जण गॉशचे वापरतात, ट्यूबमधले, अपारदर्शक. निळा आणि लाल सपाट भरायचा, मग त्याच रंगाची गडद आणि फिकट छटा देऊन नक्षीतल्या वेलीच्या पानाला गोलाई आणायची, आणि वर पांढरा रंग सायीइतका दाट ठेवून तीन शून्याच्या ब्रशने बारीक रेघा आणि टिंबं. हे पांढरं काम होईपर्यंत सगळं बालवाडीतल्या चित्रासारखं दिसतं, नवीन लोक इथेच नाराज होऊन सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगते, सोडू नका, त्या शेवटच्या टप्प्यातच पान उभं राहतं.

काही जण एक पाऊल पुढे जाऊन जुने रंगही वापरतात, आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, हरताळ म्हणजे आर्सेनिक, शेंदूर आणि सफेदा म्हणजे शिसं. दिसायला अप्रतिम, पण पूड करताना मास्क लावलाच पाहिजे, स्वयंपाकघरातला खल वापरायचा नाही, आणि ब्रशचं टोक ओठांनी करायची सवय असेल तर हे रंग हातातच घेऊ नका. जंगाल, तो तांब्याचा हिरवा, तो तर वर्षानुवर्षांनी कागदच खातो. निळ्याचं मात्र नशीब चांगलं, पूर्वी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्दापासून व्हायचा आणि फार महाग पडायचा, पण १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन करायला जमलं आणि तेव्हापासून तो कुणालाही परवडतो.

आता प्रिंटिंगविषयी, कारण मी छपाईच्या विरोधात आहे असं कुणाला वाटायला नको. अवॉर्ड ऑफ आर्म्ससारखे मान खूप दिले जातात, आणि लिहिणारे हात थोडे. म्हणून कित्येक राज्यांत काळ्या रेघांचं डिझाइन चांगल्या कागदावर छापून घेतात, बरेच जण मिळून ते रंगवतात, आणि शेवटी कुणीतरी टाकाने नाव आणि तारीख भरतं. यात वावगं काही नाही, उलट याला जुना आधारच आहे. गुटेनबर्गने १४५० च्या दशकात बायबल छापलं तेव्हा मोठ्या आद्याक्षरांच्या आणि लाल मथळ्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या, आणि विकत घेणारा त्या हाताने रंगवून घ्यायचा, म्हणूनच आज शिल्लक असलेल्या प्रती एकमेकींसारख्या नाहीत. दोघांनी मिळून एक पान करण्यालाही आधार आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये एक सुलेखनाचं पुस्तक आहे, त्यातली अक्षरं १५६१-६२ मध्ये गेऑर्ग बोक्स्काय याने लिहिली आणि फुलं, फळं, किडे काढले योरिस हूफनाखेल याने, जवळजवळ तीस वर्षांनी, पहिला माणूस वारल्यावर. तेव्हा एकाने लिहावं, दुसऱ्याने रंगवावं, तिसऱ्याने सोनं लावावं, काही हरकत नाही. माझा आक्षेप आहे तो कुणाचाच हात न लागलेल्या पानाला. शब्द टाकून एआयकडून काढून घेतलेली वेलबुट्टी लांबून खरी वाटते, पण जवळ गेलं की वेल कुठून सुटली आणि कुठे गेली याचा पत्ता नसतो, ढालीवरचं चिन्ह हेरल्ड्रीच्या, म्हणजे अशा चिन्हांच्या शास्त्राच्या, नियमांत बसत नाही, अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतात. आणि समजा उद्या ते सगळं बिनचूक यायला लागलं तरी मी हेच म्हणेन, कारण ज्या माणसाने पाच-दहा वर्षं इतरांसाठी भांडी घासली त्याला देताना समोरून कुणीतरी चार संध्याकाळी खर्च केलेल्या असाव्यात, एवढी साधी देवाणघेवाण आहे ही. बरं, हा फक्त हौशी लोकांचा हट्टही नाही. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सला, म्हणजे ढालीवरची कुलचिन्हं देणाऱ्या संस्थेला, १४८४ मध्ये सनद मिळाली, आणि आजही तिथून कुणाला कुलचिन्ह दिलं जातं तेव्हा ते व्हेलमवर हाताने रंगवून, हाताने लिहून मिळतं. तिथे प्रिंटर नाही असं थोडंच आहे.

एक गोष्ट आमच्याच मंडळींनाही सांगायला हवी. खरी मध्ययुगीन सनद बहुतेक वेळा साधीच असायची, दाट मजकूर, फार तर एक सजवलेलं आद्याक्षर आणि खाली लोंबणारा मेणाचा शिक्का. आपण जी सोन्याने मढवलेली चौकट काढतो ती प्रार्थनेच्या पुस्तकांतून उचललेली आहे. मला यात गैर वाटत नाही, पण कधीतरी कुणीतरी फक्त सुंदर अक्षर आणि नीट ओतलेला शिक्का एवढ्यावर मानपत्र केलं तर त्याला कमी लेखू नका. मला तर अशी पानं जास्त आवडायला लागली आहेत. मजकूर चांगला असला, म्हणजे त्या माणसाने नक्की काय केलं ते ठसठशीतपणे लिहिलेलं असलं, तर नक्षीची उणीव भासत नाही. "उत्तम सेवेबद्दल" एवढंच लिहिलेलं सोनेरी पान मात्र पोकळ वाटतं, कितीही कष्ट घेतलेले असोत.

संपादक महोदय, तुमच्या लेखासोबतच्या फोटोत राणीच्या हातात एक मानपत्र स्पष्ट दिसतंय. फोटोखाली राणीचं पद आहे, मान घेणाऱ्याचा उल्लेख आहे, फोटोग्राफरचं नाव आहे, पण ज्याने ते पान केलं त्याचा कुठे उल्लेखच नाही. दरबारातही हेच होतं, हेरल्ड मजकूर वाचतो, टाळ्या पडतात, पान गुंडाळीत नाहीतर फोल्डरमध्ये जातं. साहित्याचा खर्च बहुतेक वेळा लिहिणारा स्वतःच्या खिशातून करतो. तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो छापताना एवढं विचारून घ्या, पान कुणी लिहिलं, कुणी रंगवलं. आणि ज्यांना मानपत्र मिळालंय पण ते कुणी केलं हे माहीत नाही त्यांनी पान उलटून बघावं, बऱ्याचदा मागे नाव असतं, आणि त्या माणसाला दोन ओळी लिहाव्यात.

वाचकांपैकी कुणाला करून बघायचं असेल तर सोन्यापासून सुरुवात करू नका. एक रुंद निब, चांगली काळी शाई, चार-पाच ट्यूब गॉश, लाल, निळा, हिरवा, पिवळा आणि पांढरा जरा मोठा, दोन चांगले ब्रश, बस. भडक गुलाबी-जांभळे गॉश घेताना ट्यूबवर उजेडात टिकण्याचं रेटिंग बघा, त्यातले काही उन्हात थोड्या काळातच उडतात. आधी एकच आद्याक्षर आणि चार ओळी करा, एखाद्या खऱ्या पानाचा कित्ता समोर ठेवून, डोक्यातून काही काढू नका. गॉश वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवा आणि बाहेर नेताना पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, पावसाचा एक थेंब पुरतो. आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने स्वतःचं नाव, तारीख, कुठल्या हस्तलिखितावरून घेतलं आणि कुठले रंग, कुठली शाई, कुठलं सोनं वापरलं ते लिहून ठेवा, उद्या कुणाला ते पान दुरुस्त करावं लागलं तर तीच माहिती कामाला येते.

कळावे,
आपली नियमित वाचक